ताटाखालचं नाव

मंठा तालुक्यात चौपाटी आहे असं मी सांगितलं की पुण्या-मुंबईची माणसं आधी हसतात आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करतात. पण आहे. आमच्या गावाच्या उशाला तलाव आहे, तलावाच्या काठावर महादेवाचं देऊळ, आणि देवळापासून सांडव्यापर्यंत रेताड मुरमाची एक पट्टी. गावातलाच एक जण मुंबईची गिरणी सोडून परत आला, त्यानं त्या पट्टीवर भेळेची गाडी लावली आणि फळकुटावर चुन्यानं 'चौपाटी' असं लिहिलं. समुद्र पाहिलेला तो गावात एकटाच. त्याला खोटं पाडणार कोण? हळूहळू वाटूर फाट्याकडून जिपा भरभरून माणसं यायला लागली. आदितवारी जालन्याची, परभणीची कुटुंबं यायची, पाण्यात पाय बुडवून बसायची, भेळ खायची आणि कागद तिथंच टाकून जायची.

कागदापर्यंत ठीक होतं. मी लहान होते, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास, तेव्हा देवळातल्या भंडाऱ्याला पळसाच्या पत्रावळी असत. जेवण झालं की पत्रावळी गुरांपुढं, गुरांनी टाकलेलं उकिरड्यावर, उकिरडा रानात. कचरा हा शब्द आम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटला. घरात तर तो जन्मालाच येत नसे, कारण घरात आई होती. आईचं लुगडं फाटलं की वाकळीत जायचं, वाकळ विरली की पोतेरं व्हायचं आणि पोतेऱ्याचा पार चोथा झाला की आई त्याची चुंबळ करून डोक्यावर घागर ठेवायची. माझं पहिलं दप्तर युरियाच्या गोणीचं होतं. त्याच्या पुढच्या बाजूला 'हुक वापरू नये' असं छापलेलं होतं. पोरं मला दहावीपर्यंत 'हुक' म्हणत होती. त्याबद्दल मी आईला अजून माफ केलेलं नाही.

या बाईकडे एकच वस्तू अशी होती की तिला ती कुणाला हात लावू देत नसे. ते तिचं जेवणाचं ताट. खोल काठाचं, जाड स्टीलचं, तिच्या माहेरून धावड्याहून लग्नात आलेलं. आम्ही भावंडं कुठल्याही ताटात जेवायचो, एकमेकांच्याही जेवायचो, पण आईचं ताट आईचं. आता गंमत अशी की त्या ताटाच्या बुडाला जे नाव होतं ते आईचं नव्हतं. ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं होती: एका मुलीचं नाव, खाली 'धावडा'. मला नुकतं वाचता यायला लागलं होतं तेव्हा मी विचारलं, "आई, ही कोण गं?"

"व्हती एक पोरगी," आई म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

मी माझ्या परीनं अर्थ लावला. धावड्यात कुणी एक पोरगी होती, तिचं ताट आईनं ढापलं होतं. म्हणूनच ती ते कुणाला देत नाही, चोरी उघडी पडेल म्हणून. आजोळी गेले की मी त्या पोरीला शोधायचे. पण तिथं त्या नावाची कुणीच नव्हती. आईला तर तिथं सगळे, अगदी थोरले मामासुद्धा, 'आक्का' म्हणत. पुढे हा विषय माझ्या डोक्यातून गेला. आपली आई चोर आहे ही गोष्ट एकदा पचली की तिच्यासोबत सुखानं राहता येतं.

नव्वद उलटून काही वर्षं गेली आणि थर्माकोलच्या पत्रावळी आल्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्या, खणाखणाच्या. गावाला त्यांचा फार अभिमान वाटला. पहिल्या भंडाऱ्यानंतर संध्याकाळी वारा सुटला आणि चारशे पत्रावळी तलावावर बगळ्यांसारख्या उतरल्या. लोक काठावर उभं राहून बघत होते. भेळवाला म्हणाला, "बराबर असाच दिसतो समुद्र." मग चहाचे प्लास्टिकचे कप आले, पाण्याच्या पिशव्या आल्या, पुड्या आल्या. दोन-तीन वर्षांत चौपाटी अशी झाली की पाण्यापर्यंत जायचं तर कुरकुर आवाज करत जावं लागे. कुणाचं काही म्हणणं नव्हतं. आपलं असतं तर म्हणणं असतं, ते तर सगळ्यांचं होतं.

मग सरपंचाच्या म्हशीनं खाणं सोडलं.

ही साधी म्हैस नव्हती. हरियाणाकडची, लाख रुपये सांगून आणलेली, तिच्या गोठ्याला पंखा होता. तिचं पोट फुगलं, रवंथ बंद झाला. मंठ्याहून गुरांचा डॉक्टर आला. त्यानं कूस फाडून पोटातून जे काढलं ते बघायला निम्मं गाव गोठ्यापाशी उभं होतं. पिशव्यांचा एक घट्ट गोळा, थर्माकोलचे तुकडे, एक कंगवा, आणि बाटाछाप एक लहान मुलाची चप्पल. चप्पल धुऊन निघाली तेव्हा गर्दीतली एक बाई म्हणाली, "अगं बाई, ही तर आमच्या पोराची. दुसरी जपून ठिवली मी!" आणि ती खरोखर घेऊन गेली. म्हैस वाचली.

दुसऱ्याच दिवशी सरपंचानं देवळात ग्रामसभा बोलावली. "म्हशीच्या पोटात जे व्हतं ते म्या ह्या डोळ्यानं पाह्यलं," तो म्हणाला. "आजपास्नं तळ्यावर पलास्टिक आन् थर्माकोल बिलकुल बंद." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं की श्रावणातल्या शेवटच्या सोमवारचा भंडारा आठ दिवसांवर आला, लोक खाणार कशात? पळस तर गावानं कधीच तोडून चुलीत घातले होते.

बायका मागे बसल्या होत्या. त्यांच्यातून आई उठली. ती सभेत बोलायची पहिलीच वेळ होती. "घरोघरी ताटं हायेत ना? ज्यानं त्यानं आपलं ताट-तांब्या घिऊन यावं. पयले काय थर्माकोलात खात व्हते का?"

"आन् पाहुणे, वैनी? जालन्याहून येणारे काय हातावर घिऊन खातील?"

"जेवायला यायचं कळतं, मंग ताट आणायचं कळत न्हाई व्हय?"

हशा झाला आणि ठरलं. वाटूर फाट्यावर फळा लागला: 'ताट आणेल त्यालाच पंगत.' त्यावर सरपंचानं आपली अक्कल चालवून एक भर घातली. जो तो आपलं खरकटं ताट तलावात बुचकळील आणि तवंग येईल, म्हणून सगळी ताटं एका जागी टाकायची, बायकांनी ती देवळामागच्या खड्ड्यावर राखेनं घासायची, आणि मग ज्याचं त्याला द्यायचं. "नाव तर हायेच ना खाली!" सरपंच म्हणाला. त्या एका वाक्यावर पुढचा सगळा घोळ उभा राहिला, आणि त्या वेळी आमच्यापैकी एकालाही त्यात खोट दिसली नाही.

मी तेव्हा जालन्याला डी.एड. करत होते, सोमवारसाठी घरी आले होते. पाहुणे आले, आणि ताटं घेऊन आले हे कबूल केलं पाहिजे. ताट म्हणजे काय याबद्दल मात्र प्रत्येकाचं मत वेगळं होतं. एका कुटुंबानं कुकरची झाकणं आणली होती. एकानं आरतीचं तबक आणलं होतं, त्यात हळदकुंकवाचे डाग तसेच. चार पोरं काहीच न आणता आली होती, त्यांनी जिपेच्या चाकांच्या टोप्या काढल्या, तलावावर धुतल्या आणि पंगतीला बसली. वाढणाऱ्यानं क्षणभर विचार केला आणि वरण वाढलं. "टोपी खोल हाय, रस्सा बराबर राहतो," असं तो नंतर म्हणाला.

शेवटच्या पंगतीला एक म्हातारी आली. परभणीकडची, एकटी, हातात नुसती पिशवी. फळा तिला वाचता येत नव्हता. आई सकाळपासून वाढत होती, तिचं जेवण राहिलं होतं, तिचं ताट तिच्या काखेत होतं. तिनं ते पदरानं पुसलं आणि म्हातारीपुढं ठेवलं. मी वरणाची बादली घेऊन तिथंच उभी होते. आम्हाला न मिळालेलं ताट परक्या बाईला मिळालं, याचा मला राग आला, आणि तो मी बोलूनही दाखवला. आई म्हणाली, "तिला काय भुईवर वाढू?" मग ती स्वतः भाकरीवर भाजी घेऊन उभ्यानंच जेवली. म्हातारीचं जेवण झालं, आणि आईचं ताट गेलं ढिगात.

ढीग दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओसरीवर मांडला. पाहुण्यांनी आपली झाकणं-तबकं रात्रीच शोधून नेली होती; उरली ती गावची चारशे ताटं, सगळी लख्ख, सगळी सारखी. सरपंचानं पहिलं ताट उचलून उलटं केलं आणि नाव वाचलं. ते निवृत्त गुरुजींचं निघालं. गुरुजींना दिलं. दुसरं उचललं, तेही गुरुजींचं. तिसरं भेळवाल्याच्या चुलत्याचं. चौथं परत गुरुजींचं. तेवढ्यात गर्दीतून ओरडा झाला, "अहो, ते आमचं हाय! गुरुजींनी माझ्या लग्नात दिल्तं!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे ताटावर नाव असतं ते देणाऱ्याचं. लग्नात ताट द्यायचं तर देणारा ते मंठ्याच्या दुकानातून मशिनीनं आपलं नाव घालून आणतो, म्हणजे घेणाऱ्याला रोज जेवताना आठवण राहते. त्यामुळे गावातलं कुठलंच ताट ज्याच्या नावाचं त्याच्या घरात नव्हतं. त्यातही काही ताटं नाव खरवडून पुढच्या लग्नात दिलेली होती, तर एका ताटावर तीन नावं एकाखाली एक होती आणि तिघंही समोर उभे होते.

जे भांडण लागलं तसं पुढे मास्तरीण झाल्यावर माझ्या वर्गातही कधी लागलं नाही. कुणी कुणाला काय आहेर दिला, कुणी आलेला आहेर फिरवून पुढे ढकलला, कुणी भारी ताट घेऊन हलकं परत केलं, सगळं बाहेर आलं. सख्ख्या जावा एक ताट दोन्हीकडून ओढत होत्या. शेवटी आई ओसरीवर चढली. तिचा आवाज चिडला की तीन घरं पलीकडे जातो. "बस्स! ज्याचं नाव त्याचं ताट. कुणी दिलं, कुणी घेतलं, कायी इचारायचं न्हाई. मंजूर?"

सगळे दमले होते. मंजूर म्हणाले.

आणि गावातल्या कितीतरी लग्नांचे आहेर त्या एका सकाळी परत गेले. सरपंचाची बायको वीस ताटं घेऊन आली होती, दोन घेऊन बसली. गुरुजींनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या लग्नात एक ताट दिलं होतं, ते बिचारे चाळीस ताटांच्या मध्ये दुकान मांडल्यासारखे बसले होते आणि म्हणत होते, "अरे, मी घरात एकटा आहे. मी काय करू यांचं?" आम्हाला तीन ताटं मिळाली. तिन्ही बाबांनी भावकीत दिलेली, म्हणून तिन्ही हलकी.

मागे राहिली पंधरा-वीस ताटं. त्यांच्यावरची नावं गावातली नव्हती, बायकांच्या माहेरची वगैरे असतील. मंठ्याचा भांडीवाला शेठ भंडाऱ्याला दिलेल्या कढया न्यायला टेम्पो घेऊन आला होता. यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण शेठ जन्मला वाढला मंठ्यात. सरपंचानं त्याच्याशी तिथल्या तिथं ठरवलं की बेवारस ताटं मोडीत द्यायची आणि बदल्यात देवळाला एक मोठी परात घ्यायची. शेठ ती ताटं टेम्पोकडे न्यायला उचलू लागला. सगळ्यात वर आईचं ताट होतं.

मी आईकडे पाहिलं. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती आणि ताटाकडे बघत होती. मागायची सोय नव्हती. नियम तिचाच होता ना! मला राहवलं नाही. मी ओरडले, "थांबा, ते आमचं हाय!"

"नाव कुणाचं?" सरपंचानं विचारलं.

"ते... दुसऱ्या कुणाचं तरी हाय."

मोठा हशा झाला. सरपंचाची बायको, अठरा ताटं गमावलेली, मोठ्यानं म्हणाली, "आता का? आमच्या येळेला मंजूर, आन् आपली बारी आली की दुसऱ्याच्या नावाचंबी आपलं?" आणखी कुणी म्हणालं की दुसऱ्याचं ताट यांच्याकडे आलं कसं. माझी जीभ हासडून टाकावी असं मला झालं. लहानपणी जो आळ मी मनातल्या मनात घेतला होता तो मी आज चारचौघांत तिच्यावर आणला होता.

शेठनं ताट उन्हात धरलं. "हे मशिनीचं काम न्हाई. हातानं ठोकलेलं हाय, पुरानं हाय," तो म्हणाला, आणि त्यानं ते नाव मोठ्यानं वाचलं. कुणी पुढं आलं नाही. त्यानं परत वाचलं. लोक एकमेकांना विचारू लागले, ही कोण बाई? आपल्या गावात तर नाही. शेठ म्हणाला, "आखरीची बार पुकारतो, मंग गाडीत टाकतो," आणि त्यानं तिसऱ्यांदा हाक मारल्यासारखं ते नाव घेतलं.

"ओ," आई म्हणाली.

अगदी शाळेतल्या पोरीसारखी. मला आधी वाटलं ती चेष्टा करते आहे. सगळ्यांनाच वाटलं. सरपंच म्हणाला, "वैनी, तुमचं नाव हे न्हाई."

"हायेच. पयलं हाय. मायनं घातलं व्हतं. लग्नात बदललं."

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. याची मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी नंतर कशाचीच वाटली नाही.

"त्याला पुरावा काय?" सरपंचाची बायको सोडायला तयार नव्हती. "उद्या कुणीबी म्हणंल माझं पयलं नाव हे व्हतं."

आता सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मागे, पायरीवर, तीन हलकी ताटं मांडीवर घेऊन बसले होते. बाबा म्हणजे महिन्याला दहा वाक्यं बोलणारा माणूस. आईला ते 'ऐकलं का' म्हणत. तिचं कुठलंच नाव, जुनं ना नवं, त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते उठले, आणि खाली बघत उभे राहिले. त्यांना आठवत नाही, असं मला वाटलं. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं मान फिरवली.

"ह्याच ताटात तांदूळ पसरले व्हते," बाबा म्हणाले. "माझ्या बहिणीनं कानात सांगितलं ते नाव म्या आंगठीनं तांदळात लिव्हलं. मंग तांदूळ वतून घ्यायला ताट उचललं, तव्हा खाली हे दिसलं. म्या वाचलं."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाई?" गुरुजींनी ताटांमधून विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई."

बायकांना आता चेव आला. पुरावा द्यायचा तर नाव घेऊन द्या, त्या ओरडल्या, आणि उखाण्यात घ्या! बाबा घामाघूम झाले. पण पायरी चढून वर आले, घसा खाकरला आणि सुरू केलं, "महादेवाच्या पिंडीवर बेल वाहतो वाकून..." आणि अडकले. सगळे वाट बघत होते. भेळवाल्यानं मागून 'राखून, राखून' असं सुचवलंही. बाबांनी आईकडे पाहिलं, यमक सोडून दिलं आणि नुसतं नाव घेतलं. शेठच्या हातातल्या ताटाकडे न बघता घेतलं.

कुणी हसलं नाही. आईनं पदर तोंडाला लावला. शेठनं ताट तिच्या हातात दिलं, वर म्हणाला, "बाई, असला माल आता येत न्हाई. संभाळा."

घरी जाताना आईनं बाबांना वाटभर झापलं, चार लोकांत असं कुणी उभं राहतं का म्हणून. बाबा नेहमीसारखे पुढे चालत होते.

बाकीच्या गोष्टीचं काय झालं ते सांगते. आठ दिवसांत ताटं आपापल्या जुन्या घरी निमूटपणे परत गेली, फक्त गुरुजींची नाही. त्यांनी चाळीसच्या चाळीस देवळाला दिली, पाहुण्यांसाठी. थर्माकोलबंदी पुढे ढिली पडली, मग कडक झाली, मग परत ढिली पडली. म्हैस गेली आणि सरपंचही बदलला. पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आजही गुरुजींच्या नावाची ताटं निघतात आणि परभणीची माणसं त्यात जेवतात. माझ्या लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं तेव्हा बाबांनी त्या महिन्यातलं एक वाक्य खर्च केलं. "हाय तेच लिवा," ते जावयाला म्हणाले.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा मी आईला विचारलं, तुझं ते नाव यात घालू का? ती आता थकली आहे, पण जेवते त्याच ताटात. म्हणाली, "नगं. तुझं पुस्तक उद्या रद्दीत जाईल. त्याच्या पुड्या व्हतील, कुणीतरी फुटाणे खाईल आन् कागद तळ्यावर टाकील. माझं नाव तिथं लोळायला नगं."

मग ताट धुऊन पालथं घालता घालता म्हणाली, "आन् ज्याला ठावं पाहिजे व्हतं, त्याला ठावं हाय."